रिकाम्या टेबलावरची सुरी: चोमोनच्या १९०८ च्या भुताटकीच्या घरासारखा सीन फोनवर कसा करायचा

स्पॅनिश हॉरर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलेच पिक्चर येतात, पण ही गाडी फार आधी सुटलेली आहे आणि ती सोडणाऱ्यांमधला एक माणूस म्हणजे तेरुएल नावाच्या गावात १८७१ साली जन्मलेला सेगुन्दो दे चोमोन. बार्सिलोनात फिल्मला रंग देण्याचं काम करत करत तो पाते या फ्रेंच फिल्म कंपनीच्या संपर्कात आला, १९०५ मध्ये पॅरिसला गेला आणि तिथे ट्रिक फिल्म्सचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या करामतीने जादू दाखवणाऱ्या फिल्म्सचा, धडाका लावला. त्यातलीच एक म्हणजे 'ला मेझों आंसोर्सले'. इंग्रजीत 'द हाउस ऑफ घोस्ट्स' म्हणून सापडेल, साधारण ६ मिनिटांची आहे, साल बहुतेक ठिकाणी १९०८ दिलेलं असतं, काही याद्यांत थोडं मागचं दिसेल, गोंधळून जाऊ नका. दिग्दर्शक स्पॅनिश, कंपनी फ्रेंच, आणि गोष्ट म्हणाल तर दोन ओळींची: वादळी रात्री तीन प्रवासी एका घरात आसरा घेतात, आणि त्या घराला पाहुणे आवडत नाहीत.

आता खरं सांगायचं तर त्यातला राक्षस बघून आज कोणी घाबरणार नाही. मेकअप, उड्या, हातवारे सगळं जत्रेतल्या तमाशासारखं आहे, आणि तो काळ बघता ते तसंच असणार. पण मधे एक टेबलाचा शॉट आहे. फ्रेममध्ये माणूस नाही, फक्त टेबल, आणि सुरी आपली आपण उठून सॉसेज कापते, मग पाव कापते, किटली चहा ओतते. तो शॉट आजही विचित्र वाटतो आणि माझ्या मते पूर्ण फिल्ममध्ये खरी भीती तेवढीच आहे. आपल्याला तोच करायचाय, स्टॉप मोशनने, म्हणजे वस्तू जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची, आणि मग ते फोटो भराभर एकामागोमाग दाखवायचे. फोन, ट्रायपॉड, टेबल, एक दिवस मोकळा, आणि असा एक मित्र जो तासाभराने कंटाळून निघून जात नाही.

आधी फिल्म बघा, ती इंटरनेटवर सहज मिळते. पण एकदा सरळ बघितल्यावर टेबलाचा भाग पुन्हा लावा, आवाज बंद करून, वेग अर्धा करून. बऱ्याच कॉपींवर नंतर कोणीतरी म्युझिक चिकटवलंय, ते ओरिजिनल नाही आणि ते लक्ष भरकटवतं म्हणून बंद करायचं. बघताना तीन गोष्टी शोधा. एक, कॅमेरा जराही हलत नाही. दोन, एका वेळी बहुतेक एकच वस्तू काम करते, बाकीच्या गप्प असतात. तीन, वस्तू काम संपवून जागेवर जाते, म्हणजे हे भूत चांगलं शिस्तीचं आहे, आणि मला विचाराल तर भीती त्या शिस्तीचीच वाटते. वस्तू नुसत्या उडाल्या, आपटल्या, फुटल्या तर तो भूकंप वाटतो. वस्तू नीट जेवण वाढायला लागली की तिथे कोणीतरी आहे असं वाटायला लागतं. पुढे हलवाहलवीचा कंटाळा येईल तेव्हा हे आठवा, कारण सगळं त्याच्याभोवती फिरतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, ही टेबलाची आयडिया चोमोनने शून्यातून काढलेली नाही. अमेरिकेत व्हायटाग्राफ कंपनीसाठी जे. स्टुअर्ट ब्लॅक्टनने १९०७ मध्ये 'द हाँटेड हॉटेल' केली होती, त्यातही जेवण आपोआप वाढलं जातं. त्या काळात कंपन्या एकमेकांच्या हिट ट्रिका सर्रास उचलायच्या. जमलं तर दोन्ही सीन लागोपाठ बघा, कोणाची सुरी जास्त जिवंत वाटते ते स्वतः ठरवा. तेव्हा आपण उचलतोय म्हणून अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही, परंपराच तशी आहे.

तेव्हा हे कसं करायचे ते थोडक्यात, कारण त्यातून आपलं काम कळतं. कॅमेरा हँडल फिरवून चालायचा, साधारणपणे एका फेरीत ८ फ्रेम, म्हणजे फिल्मवरची एकेकटी चित्रं, जायच्या, सेकंदाला दोन फेऱ्या म्हणजे १६ फ्रेम. वस्तू हलवायची तर एकेक फ्रेम घ्यायला हवी, म्हणून एका फेरीत एकच फ्रेम सरकेल अशी सोय कॅमेऱ्यात करावी लागायची. एक फ्रेम, सुरी किंचित सरकव, बाजूला हो, पुन्हा एक फ्रेम. आणि काढलेलं लगेच बघायची सोय नाही! फिल्म धुवून येईपर्यंत हात चुकून फ्रेममध्ये आलाय का हेही कळणार नाही. आपल्याला स्क्रीनवर मागची फ्रेम पुसट दिसते, लगेच डिलीट करता येतं, आणि तरी आपण कुरकुर करतो.

कागदावर आधी

कॅमेरा काढायच्या आधी सुरी, पाव, कप यांच्यात काय काय होणार ते लिहून काढा. डायलॉग नाहीत, म्हणून एका ओळीला एक कृती. म्हणजे: नॅपकिन उघडतो. सुरी जागेवर जरा थरथरते आणि थांबते. सुरी उठते. पावाकडे जाते. एक स्लाइस कापते. स्लाइस बशीत जाते. किटली वाकते, कप भरतो. सगळं पुन्हा स्थिर. एवढं ३० सेकंदांचं होतं, आणि ३० सेकंद म्हणजे सेकंदाला १२ फोटो धरले तर ३६० फोटो. हा आकडा आधी डोक्यात बसवा, मग कोणी "अजून काटा-चमचा पण नाचवूया" म्हणालं की आपोआप नाही म्हणता येईल. बारा का, तर सोळा घेतले तर जुन्या फिल्मच्या जवळ जातं पण काम एक तृतीयांशने वाढतं आणि बघणाऱ्याला फरक फारसा कळत नाही. आठच्या खाली गेलात तर झटके बसतात. १२ ठीक आहे. एडिटिंगमध्ये सेकंदाला २४ फ्रेमची टाइमलाइन घेऊन प्रत्येक फोटो दोनदा दाखवायचा.

त्या ओळींमध्ये "थरथरते आणि थांबते" आहे ते मुद्दाम आहे. काहीतरी होणार अशी चाहूल लागली पाहिजे, मग थोडा वेळ काहीच होऊ नये, बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपल्याला भास झाला. तिथे दोन सेकंद पूर्ण स्थिर ठेवा. तेवढ्याला २४ फोटो काढायची गरज नाही असं वाटेल, एकच फोटो ताणला की झालं, पण तसं केलं तर चित्र गोठल्यासारखं मेलेलं दिसतं. निदान सात-आठ खरे फोटो काढा आणि ते उलटसुलट क्रमाने वापरा म्हणजे लाइटची आणि ग्रेनची (चित्रातल्या बारीक दाण्यांची) हालचाल चालू राहते.

लाइट, कारण नव्वद टक्के लोक इथेच आपटतात

खिडकीचा उजेड नको. ढग आला की फोटो काळा, ऊन पडलं की पांढरा, आणि चारशे फोटोंमध्ये हे चालू राहिलं की डिस्कोचा लाइट लावल्यासारखं दिसतं. पडदे बंद, वाटल्यास वर जाड कापड, आणि एक किंवा दोन दिवे. मेणबत्ती लावून "मूड" आणायचा मोह होतो, तो आवरा, ज्योत प्रत्येक फोटोत वेगळी असते आणि कापड, कागद, वायरी यांच्या पसाऱ्यात तासन्‌तास पेटती ज्योत ठेवणं शहाणपणाचं नाही.

दिवा एका बाजूने आणि जरा खालून द्या, म्हणजे सुरीची सावली पावावर लांब पडते. अशा सीनमध्ये सावली निम्मं काम करते. समोरून सपाट लाइट मारला तर जाहिरात वाटते, भूत वाटत नाही.

आता फोनमध्ये सगळं ऑटो बंद. एक्स्पोजर (चित्र किती उजळ) लॉक, फोकस लॉक, व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) लॉक. मॅन्युअल मोड असेल तर आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) सगळ्यात खाली ठेवा आणि शटर, म्हणजे एका फोटोसाठी उजेड आत घ्यायचा वेळ, १/१० सेकंदावर. एवढं हळू शटर का, तर फोटो काढताना काहीच हलत नाहीये, त्यामुळे ब्लर व्हायचा प्रश्न नाही, आणि एलईडी किंवा ट्यूबची जी बारीक लपलप असते ती १/१० मध्ये नीट पूर्ण आवर्तनात बसते, वीज ५० हर्ट्झची असो की ६० ची. फटाफट शटर ठेवलं तर काही फोटो उजळ काही मंद येतात आणि नंतर सॉफ्टवेअरने ते बरोबर करताना जीव मेटाकुटीला येतो.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही: कपडे काळे किंवा गडद घाला. पांढरा शर्ट घालून टेबलाजवळ उभे राहिलात की तुमच्यावरून उजेड परावर्तित होऊन टेबलावर पडतो, तुम्ही कधी जवळ कधी लांब, झालं, पुन्हा लपलप. आणि प्रत्येक फोटोच्या वेळी एकाच ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायचं, जमिनीवर टेपने खूण करून.

कॅमेरा मेला पाहिजे

ट्रायपॉडचे पाय जमिनीला टेपने चिकटवा. टेबलाचे पायही. टेबलक्लॉथ खालून टेप लावून ताणा नाहीतर दर वेळी हाताने सुरकुती सरकते आणि वाटतं टेबल श्वास घेतंय (काहींना हे आवडेल, पण ठरवून करा, चुकून नको). फोनला हात लावून बटण दाबू नका, ब्लूटूथ रिमोट किंवा वायरच्या हेडफोनचं व्हॉल्यूम बटण वापरा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर दोनशेव्या फोटोला कोणाचा तरी फोन येतो आणि अ‍ॅप बंद पडतं. ब्लूटूथ त्यानंतर पुन्हा चालू करता येतं. चार्जर सुरुवातीलाच लावून ठेवा, मधेच वायर खुपसताना फ्रेम हललीच म्हणून समजा.

अ‍ॅप कुठलंही चालेल, फक्त त्यात ऑनियन स्किन पाहिजे, म्हणजे मागची फ्रेम पुसट वर दिसणारी सोय. स्टॉप मोशन स्टुडिओ फोनवर पुरेसं आहे. ड्रॅगनफ्रेम मोठ्या स्टुडिओत वापरतात, ते कॉम्प्युटर आणि चांगला कॅमेरा असेल तरच, पहिल्या फिल्मसाठी त्याच्या नादी लागू नका.

अँगल समोरून, टेबलाच्या उंचीपेक्षा जरा वर. चोमोनच्या काळात कॅमेरा नाटकातल्या प्रेक्षकाच्या जागी बसायचा. पण त्याने दुसऱ्या एका फिल्ममध्ये, १९०७ च्या 'ले किरिकी' मध्ये, कॅमेरा छताला लावून कलाकारांना काळ्या जमिनीवर झोपवलं होतं, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं की एक पोरगं बाकी सगळ्यांना खांद्यावर तोलतंय. ही युक्ती आपल्याला फुकटात मिळतेय. कप हवेत तरंगायला हवा असेल तर तेवढा शॉट वेगळा घ्या: काळं कापड जमिनीवर, कप त्यावर आडवा, कॅमेरा वरून सरळ खाली. वायर नाही, धागा नाही, कप पडायचा प्रश्नच नाही. फक्त लाइट मूळ शॉटमध्ये ज्या बाजूने होता त्याच बाजूने द्या, आणि कप ज्या कापडावर टेकतो तिथे सावली दिसणार नाही इतकं कापड काळं पाहिजे. मखमल मिळाली तर उत्तम.

सुरी हलवणे

इथे खरी मजा आहे. धारदार सुरी वापरू नका, शेकडो वेळा हात लावायचाय आणि शेवटी शेवटी लक्ष उडतं. बोथट, जड मुठीची, चकाकी कमी असलेली घ्या. चकाकणारी असेल तर पात्याला अगदी पातळ मेण किंवा पावडर लावा म्हणजे त्यात तुमचा फोन दिसणार नाही.

उभी ठेवायला भिंतीवर पोस्टर चिकटवायची पुट्टी मुठीखाली, किंवा कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूने जाड तारेचा टेकू. तार दिसली तर काळजी नको: शूट सुरू करायच्या आधी रिकाम्या टेबलाचा एक फोटो काढून ठेवा, मग एडिटिंगमध्ये तारेच्या जागी तो रिकामा फोटो मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग कापून, बसवता येतो. हा रिकामा फोटो काढायला विसरू नका, नंतर सगळं हललेलं असतं. तारेची सावलीही पुसावी लागेल हे लक्षात ठेवून टेकू सावलीच्या बाजूला लपवा.

सुरी समान अंतराने सरकवली तर ती सरकत्या पट्ट्यावर ठेवल्यासारखी दिसते. जिवंत गोष्ट सुरुवातीला हळू, मधे जोरात, शेवटी पुन्हा हळू जाते. समजा सुरीला २० सेंटिमीटर जायचंय एका सेकंदात, म्हणजे १२ हालचाली. मी असं वाटून देईन, मिलिमीटरमध्ये: २, ५, १०, १८, २६, ३२, ३२, २८, २२, १४, ८, ३. बेरीज बरोबर २०० येते, करून बघा. कागदाच्या पट्टीवर या खुणा करून ती पट्टी टेबलावर फ्रेमच्या बाहेर, सुरीच्या मार्गाला समांतर चिकटवा. निघायच्या आधी दोन फ्रेम उलट्या दिशेला जरासं मागे घ्या, जसा माणूस उडी मारायच्या आधी खाली वाकतो. हे केलं नाही तर सुरीला कोणी ढकललंय असं वाटतं, केलं तर तिला स्वतःला जायचंय असं वाटतं.

आणि वजन. किटली जड आहे, तर ती उठताना आधी झाकण हलेल, मग ती एका बाजूला कलेल, मग उठेल. नॅपकिन हलका, तो भसकन उठून हळू खाली बसेल. दोन्ही एकाच वेगाने हलवलीत तर दोन्ही पुठ्ठ्याची वाटतात. हे नियम पुस्तकात शोधायला नको, खरी किटली एकदा हातात घेऊन ओता, फोनवर व्हिडिओ काढा आणि एकेक फ्रेम पुढे नेऊन बघा.

पाव कापणं. प्रत्यक्ष कापत कापत शूट करता येतं पण पाव दाबला जातो, चुरा पडतो, आणि चुरा पुढच्या फ्रेममध्ये उड्या मारतो. सोपा उपाय: स्लाइस आधीच कापून ठेवा, टूथपिकने परत मूळ पावाला जोडा, सांधा दिसणार नाही असा दाबून. सुरी जशी खाली जाईल तसा टूथपिक काढून स्लाइस एकेक मिलिमीटरने सैल करायची. सुरी वर-खाली करवतीसारखी न्या, तीन-चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत थोडी खोल. चुरा हवाच असेल तर शेवटच्या फ्रेमला एकदाच टाका आणि मग त्याला हात लावू नका. पाव दिव्याखाली दोन-तीन तासात वाळून आकसतो आणि वरची कड वळते, त्यामुळे एकाच जातीचे दोन पाव आणा, एक पिशवीत बांधून. सॉसेज त्या मानाने बिचारं गुणी असतं, फक्त तेलकट चकाकी आली तर टिपून घ्या.

नॅपकिन साध्या कापडाचा हलत नाही, पडतो. दोन कापडांच्या मधे बारीक तारांची जाळी किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइल घालून कडा शिवून टाका, मग ज्या आकारात ठेवाल त्यात राहतो.

चहा ओतणं हा सगळ्यात अवघड भाग, कारण द्रव एका फ्रेमपुरता थांबत नाही. कपातली पातळी वाढवायला ड्रॉपर किंवा चमच्याने थोडं थोडं घाला, पृष्ठभाग शांत होईपर्यंत थांबून मगच फोटो. धारेसाठी ग्लू गनचा गोंद बेकिंग पेपरवर लांब ओढा, गार झाला की तपकिरी रंगाचा पारदर्शक हात फिरवा, असे चार-पाच तुकडे करा, प्रत्येक जरा वेगळा वळलेला, आणि फ्रेमागणिक आलटून पालटून किटलीच्या चोचीला लावा. तुकडे बदलत राहिल्याने धार वाहतेय असं वाटतं. एकच तुकडा ठेवला तर दोरी लटकल्यासारखी दिसते. वाफ वगैरेच्या फंदात पडू नका.

माणसं

टेबलाच्या शॉटमध्ये माणूस आणू नका. जिवंत माणूस दोन फोटोंच्या मधे श्वास घेतो, केस हलतात, आणि सुरीवरून लक्ष उडतं. चोमोनने टेबल वेगळं काढलं आणि तेच योग्य. माणसांचे शॉट नॉर्मल व्हिडिओत घ्या आणि मधे कापा: ते बघतायत, टेबल, ते बघतायत. घाबरण्याचा अभिनय कमी करायला सांगा. १९०८ मध्ये हात वर करून पळायचे कारण आवाज नव्हता आणि प्रेक्षकाला लांबून कळायला हवं होतं, तुम्ही जवळून घेताय, नुसती मान वळली तरी पुरे.

खुर्ची गायब करायची असेल तर ती सगळ्यात स्वस्त ट्रिक: कलाकार बसायला वाकतो, "फ्रीझ" म्हणायचं, तो जसाच्या तसा थांबतो, दुसरा माणूस खुर्ची काढतो, कॅमेरा चालूच, मग कलाकार पडतो. मधला भाग कापून टाका. कलाकाराच्या पायांच्या खुणा आणि पाठीमागच्या सावलीची कड टेपने आखून ठेवा. गादी मात्र फ्रेमच्या खाली ठेवा, पाठ मोडून घेऊ नका.

खोली कलंडते तो भागही या फिल्ममध्ये आहे, माणसं एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे घरंगळतात. तुम्ही खोली हलवणार नाही, फोन हलवणार. फोन फळीवर बांधा आणि फळी कलवा, १५ ते २० अंश भरपूर होतात. इथे दिशेचा घोळ हमखास होतो: स्क्रीनकडे बघत फोन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला तर चित्रात खोलीची डावी बाजू खाली जाते, म्हणजे कलाकारांनी चित्रातल्या डावीकडे घरंगळायचं. आधी रिकाम्या खोलीत एकदा फिरवून बघा आणि जमिनीवर बाण काढा. आणि लटकणारं काहीही फ्रेममध्ये नको, लटकता दिवा, लांब पडदा, गळ्यातली चेन, हे सगळे खरं "खाली" कुठे आहे ते सांगून टाकतात. ग्लासातलं पाणीही तसंच चुगलखोर. दिवा हवाच असेल तर त्याला धाग्याने त्याच बाजूला ओढून धरा जिकडे माणसं पडतायत.

रंग की काळंपांढरं

लोक फोटोंवर एक तयार जुना फिल्टर टाकतात, ओरखडे, धूळ, थरथर, आणि सगळ्यांचे व्हिडिओ एकसारखे दिसतात. त्यापेक्षा त्या काळची फिल्म कशी बघायची ते करा. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नव्हता, निळा मात्र भरपूर दिसायचा. म्हणजे लाल वस्तू काळी, निळी वस्तू पांढरी. ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल चॅनल अगदी खाली आणा, निळा वर घ्या. सॉसेज एकदम काळं पडतं, ओठ काळे, चेहरे गडद आणि डागाळलेले. कुठलाही मेकअप न करता माणसं आजारी दिसायला लागतात. म्हणून सामान घेतानाच याचा विचार करा: निळ्या रेघांचा टेबलक्लॉथ घेतलात तर रेघा गायबच होतील, लाल रेघांचा घेतलात तर ठसठशीत काळ्या येतील.

रंग हवा असेल तर तोही त्या काळातलाच एक प्रकार: पूर्ण शॉटला एक रंग. बाहेरची रात्र निळी, आतला दिव्याचा उजेड पिवळसर. पाते कंपनीत याच्याही पुढे जाऊन प्रत्येक रंगासाठी वेगळी स्टेन्सिल कापून फ्रेमवर रंग चढवायचे, हे बारीक काम प्रामुख्याने बायका करायच्या. चोमोनची बायको ज्युलियन माथ्यू, जी त्याच्या बऱ्याच फिल्म्समध्ये पडद्यावरही दिसते, तीही रंगकामातली होती. एवढी चिकाटी असेल तर किटलीतून पडणारी धार तेवढीच एका रंगाची करून बघा, बाकी सगळं काळंपांढरं. पण लाल नको, ते फार वेळा झालंय.

आवाज

दोन रस्ते. एक, पूर्ण मुकी ठेवा. दोन, फक्त वस्तूंचे आवाज: सुरी लाकडावर टेकल्याचा, पावाची साल चरचरल्याचा, कप बशीवर ठेवल्याचा. हे वेगळे रेकॉर्ड करा, फोन जवळ धरून, कपाटात कपड्यांमध्ये डोकं घालून केलं तर घुमत नाही. आवाज चित्राच्या एक-दोन फ्रेम नंतर ठेवून बघा, मग आधी ठेवून बघा, जे जास्त अस्वस्थ करेल ते ठेवा. व्हायोलिन किंचाळवू नका कृपया. पियानोही नको, पियानो लावला की लगेच विनोदी मूकपट वाटायला लागतो.

चोमोन पुढे या कामातच राहिला, १९१२ मध्ये इटलीत तुरिनला इताला फिल्म कंपनीत गेला, 'काबिरिया' या १९१४ च्या भल्यामोठ्या इटालियन पिक्चरचं कॅमेरा आणि ट्रिकचं काम केलं, १९१७ मध्ये बाहुल्यांचं युद्ध एकेक फ्रेम हलवून केलं, आणि १९२७ च्या 'नेपोलियन'च्या इफेक्ट्सवरही त्याचा हात होता. १९२९ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. टेबलाचा सीन जमला आणि पुढे काय असं वाटलं तर बाहुल्यांची ती फिल्म बघा, 'ला ग्वेर्रा ए इल सोन्यो दी मोमी', त्यात तेच गणित मोठ्या पटावर मांडलंय.

शूट संपलं की टेप काढायची घाई करू नका. आधी सगळे फोटो कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा, मग फोनवरच कच्चा व्हिडिओ लावून दोन-तीनदा बघा, एकदा उलटा पण चालवा, उलट्यात हातांची सावली आणि हललेला टेबलक्लॉथ लगेच दिसतो. चार-पाच खराब फ्रेम सापडतातच, आणि टेबल, दिवे, ट्रायपॉड जागेवर असतील तर तेवढ्या फ्रेम पाच मिनिटांत परत काढता येतात. म्हणून पाव वाळला, सॉसेज वास मारायला लागलं, घरचे जेवायला टेबल मागायला लागले तरी ते आवरायचं नाही, तेवढ्या दिवशी जमिनीवर बसून जेवा.